कागदावरचं आडनाव: अमेरिकेतल्या चिनी घराण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालातले बहुतेक प्रश्न अमेरिकेतल्या जुन्या चिनी घराण्यांविषयीचे आहेत. काही वाचकांची मुलं तिथे आहेत, काहींच्या घरात या समाजातली सून किंवा जावई आला आहे. म्हणून हा अख्खा स्तंभ या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न: आमची सून सॅन फ्रान्सिस्कोजवळ वाढलेली, चौथ्या पिढीची चिनी अमेरिकन. तिच्या पणजोबांच्या थडग्यावर इंग्रजीत एक आडनाव आहे आणि चिनी लिपीत दुसरंच. विचारलं तर घरचे "तसंच आहे ते" एवढंच म्हणतात. एवढी मोठी चूक दगडावर कशी राहिली?

ती चूक नाही. अशा दगडांवर बहुधा चिनी अक्षरांतलं नाव खरं असतं आणि इंग्रजीतलं नाव सरकारी कागदापुरतं. पणजोबा बहुतेक "कागदी मुलगा" होते. हा शब्द त्या समाजातलाच आहे.

६ मे १८८२ रोजी अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली आणि चिनी माणसाला अर्ज करून नागरिक होण्याचा रस्ताही बंद केला. मुदत दहा वर्षांची होती. १८९२ मध्ये ती वाढली, १९०२ मध्ये पुन्हा वाढली आणि १९०४ पासून बंदी बेमुदत झाली. सूट होती ती व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि प्रवासी यांना. याशिवाय अमेरिकेत जन्मलेला चिनी माणूस नागरिक होता, आणि बापाचा अमेरिकेत राहिवास झालेला असेल तर त्याची चीनमध्ये जन्मलेली मुलंही नागरिक ठरत. एवढीच काय ती फट होती.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचं सरकारी दप्तर जळालं, त्यात जन्मनोंदीही गेल्या. "माझा जन्म इथलाच" असं एखाद्याने सांगितलं तर खोडून काढायला कागद उरला नाही. असा माणूस नागरिक ठरला की तो गावी जाऊन येई आणि परतताना बंदरावर सांगे, "लग्न केलं, मुलगा झाला." पुढच्या खेपेला आणखी एक मुलगा. प्रत्यक्षात मुलगी झालेली असे, मूल दगावलेलं असे किंवा काहीच झालेलं नसे. पण नोंद झाली की एक जागा तयार होई. पंधरा-सोळा वर्षांनी ती जागा पुतण्याला, भाच्याला, नाहीतर दलालामार्फत शेजारच्या गावातल्या मुलाला दिली जाई. १९२०-३० च्या दशकांत भाव साधारण वयाच्या प्रत्येक वर्षाला १०० डॉलर असा धरत, म्हणजे सोळा वर्षांच्या "मुला"चे १,६०० डॉलर. ते फेडायला कित्येक वर्षं जात.

जागा सोळा वर्षांची असेल तर येणारा मुलगा चौदाचा असो की एकोणीसचा, कागदावर सोळाचाच. त्याचं आडनावही जागा विकणाऱ्याचं. शाळा, बँक, लष्कर, लग्नाचा दाखला सगळं त्या नावाने होई. कुळाच्या मंडळात, गावाला लिहिलेल्या पत्रांत, लग्नाच्या लाल पत्रिकेत मात्र खरं नाव चाले. आपल्याकडे सगोत्र पाहतात तसं या समाजात एकाच आडनावात लग्न करत नसत, त्यामुळे सोयरीक जुळवताना वडीलधारे हळूच विचारून घेत, "यांचं खरं काय?" मेल्यावर पूर्वजांच्या रांगेत जागा मिळायची ती खऱ्या कुळातच, म्हणून दगडावर दोन्ही नावं कोरली. परक्या सरकारसाठी एक, आपल्या माणसांसाठी एक.

प्रश्न: एंजल आयलंडवर या लोकांची जबानी घेत असत असं वाचलं. नातं खरं की खोटं हे प्रश्न विचारून कसं ठरवत?

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं हे ठाणं २१ जानेवारी १९१० रोजी सुरू झालं आणि १९४० मधल्या आगीनंतर बंद पडलं. बोट लागली की आधी वैद्यकीय तपासणी. त्यात डोळ्यांची खुपरी आणि शौचाच्या नमुन्यात आकडीकृमी पाहत. कृमी निघाले तर आधी दवाखाना, तोही स्वतःच्या खर्चाने. मग बराकीत वाट पाहणं. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, नवरा-बायकोला भेटू देत नसत.

जबानीच्या खोलीत निरीक्षक, दुभाषा आणि स्टेनो असत. दुभाषा एका बैठकीनंतर बदलत, म्हणजे त्याने कुणाला मदत करू नये. पद्धत अशी: आधी मुलाला विचारायचं, मग बापाला आणि साक्षीदारांना वेगवेगळं बसवून तेच विचारायचं, आणि उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहायची. जोडीला त्या बापाची दहा-वीस वर्षांपूर्वीची जबानी आणि "भावां"च्या फायली काढून ठेवलेल्या असत. काही प्रकरणांत प्रश्नांची संख्या शेकड्यांत जाई.

प्रश्न घराघरातले असत. घराचं तोंड कोणत्या दिशेला? पुढच्या दाराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठे ठेवता? ती जागा आहे तिथे जमीन मातीची की फरशीची? तुमच्या रांगेत तिसरं घर कुणाचं, त्याला मुलं किती, थोरल्याचं लग्न झालं का? विहीर गावाच्या कोणत्या अंगाला? आजीचे पाय बांधलेले होते का? घरात घड्याळ होतं का, आणि ते कोणत्या भिंतीवर?

कागदी मुलासाठी यावर उपाय होता पढवणीची वही. तिच्यात गावाचा नकाशा, घरांच्या रांगा, तीन पिढ्यांची वंशावळ आणि प्रश्नोत्तरं असत. मुलं ती महिनोन्‌महिने घोकत, बोटीवरही घोकत, आणि किनारा दिसायला लागला की समुद्रात टाकत. ठाण्यावर गेल्यावर काही अडलं तर स्वयंपाकघरातले चिनी कामगार सुट्टीच्या दिवशी शहरात जाऊन निरोप आणत आणि चिठ्ठी जेवणातून पोचवत. कैद्यांनी १९२२ मध्ये आपलं मंडळही स्थापन केलं होतं.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. खरे मुलगेही या परीक्षेत नापास होत. बाप गावाहून निघाला तेव्हा मुलगा पाळण्यात असे. बापाच्या आठवणीत कणगी ओसरीवर, पण मधल्या काळात आईने ती आत हलवलेली. बाप म्हणे विहीर पूर्वेला, मुलगा म्हणे देवळामागे, आणि दोघेही खरंच सांगत असत. दुभाषा शहरी कँटोनीज बोलणारा आणि मुलगा दक्षिण चीनमधल्या ताइशान जिल्ह्याच्या खेड्यातला असला की शब्दच वेगळे पडत. शिवाय चिनी पुरुष लग्नात नवं नाव घेई. मुलाने लहानपणचं नाव सांगितलं आणि बापाने लग्नातलं, तर फायलीत "विसंगती" अशी नोंद. म्हणून खरा मुलगाही बापाबरोबर पत्रांतून उत्तरं जुळवून घोकूनच येई. खरं बोलणाऱ्यालाही खऱ्याची तालीम करायला लावणारी ही पद्धत होती, आणि तिचा दोष तालीम करणाऱ्याच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही.

नकार आला तर वॉशिंग्टनकडे अपील, तिथेही नाही झालं तर संघराज्याच्या कोर्टात अर्ज. तोवर बराकीतच. बहुतेकांचे दिवस किंवा आठवडे जात, अपील करणाऱ्यांचे महिने, आणि काहींनी दोन वर्षांच्या आसपास तिथे काढली. लाकडी भिंतींवर त्यांनी चिनी कविता कोरल्या. अधिकाऱ्यांनी त्यांवर लांबी (पुट्टी) आणि रंग फासला. पण लांबी आकसली आणि अक्षरं पुन्हा दिसायला लागली. १९७० मध्ये एका उद्यानरक्षकाच्या त्या नजरेस आल्या म्हणून इमारत पाडली गेली नाही. आजवर दोनशेच्या वर कवितांची नोंद झाली आहे.

प्रश्न: या सगळ्या हकिकतींत पुरुषच दिसतात. बायका कुठे होत्या?

गावाला. १८७५ च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायासाठी बायका आणण्यावर बंदी घातली आणि तिचा वापर सरसकट चिनी बायकांना अडवायला झाला. हाँगकाँगमध्ये बोटीत चढण्याआधीच चारित्र्याची उलटतपासणी होई. बंदीच्या कायद्यानंतर मजुराची बायकोही मजुरातच धरली गेली. व्यापाऱ्याची बायको तेवढी येऊ शकत होती. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या चिनी लोकांत एका बाईमागे सुमारे २७ पुरुष होते. १९२४ च्या कायद्याने नागरिक असलेल्या चिनी पुरुषाच्या बायकोलाही बंदी झाली. १९३० मध्ये सवलत मिळाली, पण २६ मे १९२४ च्या आधी लग्न झालेल्यांनाच. कॅलिफोर्नियात गोऱ्या बाईशी लग्न करायलाही १९४८ पर्यंत कायद्याची मनाई होती.

ताइशान भागात अशा बायकांना "सोन्याच्या डोंगराची बायको" म्हणत, कारण कॅलिफोर्नियाला ते लोक सोन्याचा डोंगर म्हणायचे. काही लग्नांत नवरा परदेशी असल्याने त्याच्या जागी कोंबडा उभा करून विधी उरकत. नवरा आठ-दहा वर्षांनी एकदा येई, वर्षभर राही, मूल होई, पुन्हा बोट. संसार चाले तो पत्रावर आणि पाठवलेल्या पैशांवर. लिहिता न येणाऱ्या बाईला पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे, म्हणजे मनातलं सगळं लिहिणं आलंच नाही.

दाराची फट रुंदावली ती दुसऱ्या महायुद्धात. १७ डिसेंबर १९४३ रोजी बंदीचा कायदा रद्द झाला आणि नागरिकत्वाची वाट खुली झाली, पण कोटा होता वर्षाला १०५ माणसांचा. बायकांना खरा उपयोग झाला तो डिसेंबर १९४५ च्या सैनिकपत्नी कायद्याचा आणि १९४६ मध्ये नागरिकांच्या चिनी पत्नींना कोट्याबाहेर काढणाऱ्या दुरुस्तीचा. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये लहान मुलांचा आवाज मोठ्या प्रमाणावर ऐकू यायला लागला तो त्यानंतर. त्या वेळी आलेल्या काही बायकांचं लग्न वीस वर्षांपूर्वी झालेलं होतं.

प्रश्न: जिथे पाहावं तिथे चिनी लाँड्री. हा त्यांचा परंपरागत धंदा होता का? आणि बँक कर्ज देत नसताना भांडवल कुठून यायचं?

परंपरागत अजिबात नाही. ताइशान ज्या प्रांतात आहे त्या ग्वांगडोंगच्या खेड्यात कपडे बायका धूत. खाणींतून आणि रेल्वेच्या कामांवरून हाकलल्यावर, कारखान्यांनी दारं लावल्यावर जे उरलं ते हे काम. भांडवल थोडं, इंग्रजी मोजकं, आणि वर मालक नाही. चिनीत या पोटापाण्याला "आठ पौंडांचं जिणं" म्हणत, कारण इस्त्री साधारण आठ पौंडांची, म्हणजे साडेतीन किलोच्या पुढे. शेगडीवर दोन-तीन इस्त्र्या तापत ठेवायच्या आणि आलटून पालटून घ्यायच्या. आठवड्याच्या सुरुवातीला कपडे घेऊन त्यांवर खुणा करायच्या, मग धुणं, खळ, मागच्या खोलीत तारांवर वाळवणं, मधले दिवस इस्त्री, शनिवारी पुडकी बांधून गिऱ्हाइकाला. सदऱ्याची कॉलर आणि कफ यांची खळ वेगळी, दाट. पातळ झाली तर कॉलर पडते, जास्त झाली तर इस्त्रीखाली पिवळी पडते. चिठ्ठी हरवलेल्या गिऱ्हाइकाशी भांडण हे रोजचं.

सॅन फ्रान्सिस्कोने १८८० मध्ये नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर नगरमंडळाचा परवाना हवा. शहरातल्या सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडी इमारतींत होत्या. दोनशे चिनी अर्जदार नाकारले गेले आणि ऐंशीच्या आसपास बिगरचिनी अर्ज मंजूर झाले. यिक वो लाँड्रीचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८८६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कायद्याची भाषा निःपक्ष असली तरी अंमल पक्षपाती असेल तर तो घटनेच्या विरुद्ध आहे. हा निकाल आजही उद्धृत होतो. तरी १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका माणसाच्या लाँड्रीवर २५ डॉलर शुल्क आणि १,००० डॉलरचा जामीन ठेवायचा घाट घातला गेला. तेव्हा लाँड्रीवाल्यांनी स्वतःची संघटना काढली, आणि शुल्क १० डॉलरवर, जामीन १०० डॉलरवर आला.

भांडवल यायचं भिशीतून. तिचं नाव "वुई". आपल्या बोलीच्या भिशीसारखीच. समजा संयोजक धरून वीस जण आणि हप्ता १० डॉलर. पहिला हप्ता संयोजकाचा: एकोणीस जणांचे १९० डॉलर, कपात नाही. दुसऱ्या महिन्यात गरजू माणसं बोली लावतात, म्हणजे किती सूट सोडणार ते सांगतात. सगळ्यात मोठी बोली दीड डॉलरची असेल तर ज्यांनी अजून उचललेली नाही ते अठरा जण साडेआठ डॉलर देतात, संयोजक पूर्ण १० देतो. घेणाऱ्याच्या हाती १६३ डॉलर पडतात, आणि पुढे शेवटपर्यंत तो दरमहा पूर्ण १० भरतो. सुटीची ही रक्कम म्हणजेच व्याज. शेवटी उचलणाऱ्याला पूर्ण १९० मिळतात.

ही भिशी बुडते ती सुरुवातीला उचलून पळणाऱ्यामुळे. तशा वेळी भर संयोजकाला घालावी लागते. म्हणूनच माणसं एकाच गावची किंवा कुळाची घेत. पळून गेलेल्याचं नाव पत्राने गावात पोचे आणि त्याच्या आईला विहिरीवर तोंड दाखवणं कठीण होई. कर्जवसुलीचं दुसरं कुठलंही साधन त्यांच्याकडे नव्हतं.

प्रश्न: जे जन्मानेच नागरिक होते, त्यांना तरी हा त्रास नव्हता ना?

होता. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला. १८९५ मध्ये चीनहून परतताना त्याला बोटीवरच अडवलं. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिकच आहे. त्याच माणसाच्या थोरल्या मुलाला पुढे जबानीत विसंगती दाखवून परत पाठवलं. जन्माने नागरिक असलेल्या चिनी माणसाला परदेशी जाण्याआधी फॉर्म ४३० भरून स्वतःची चौकशी करून घ्यावी लागे, नाहीतर परतताना दार बंद होण्याची भीती. १९२२ ते १९३१ या काळात अमेरिकेत जन्मलेल्या मुलीने चीनमध्ये जन्मलेल्या माणसाशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व जाई. मॅमी टेप या मुलीने सरकारी शाळेत प्रवेशासाठीचा खटला १८८५ मध्ये जिंकला, तर सॅन फ्रान्सिस्कोने चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढली. १९३० च्या दशकात इंजिनिअर होऊनही दुकानात वाणसामान मोजणारे तरुण चायनाटाउनच्या गल्ल्यांत होते. बाप म्हणत होता शीक, आणि शिकून झाल्यावर नोकरी देणारा कुणी नव्हता.

प्रश्न: सरकारने १९५० च्या दशकात माफी दिली असं ऐकलं. मग लोक एवढे घाबरून का राहिले?

तिला माफी म्हणणं बरोबर नाही. १९५६ मध्ये इमिग्रेशन खात्याने "कबुली"ची मोहीम काढली, ती साधारण दहा वर्षं चालली. आधीच्या वर्षी हाँगकाँगमधल्या अमेरिकन वकिलातीच्या प्रमुखाने अहवाल दिला होता की कागदी नात्यांतून साम्यवादी हेर घुसतील. कोरियाचं युद्ध नुकतंच थांबलेलं होतं. १९५६ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत चिनी मंडळांना त्यांची दप्तरं हजर करायचे हुकूम आले. न्यायालयाने ते रद्द केले, पण धसका बसायचा तो बसलाच.

कबुली एकट्याची नसे. खरं कुटुंब आणि कागदी कुटुंब, दोन्हींची पूर्ण वंशावळ लिहून द्यावी लागे. एकाने तोंड उघडलं की "भाऊ", "चुलते", "पुतणे" सगळे उघडे पडत, त्यांची इच्छा असो वा नसो. बदल्यात लेखी हमी नाही. जो कायद्याने पात्र ठरेल, उदाहरणार्थ लष्करात सेवा केलेला, त्याची नोंद नीट करू, एवढंच आश्वासन. डाव्या विचारांच्या संघटनांतल्या लोकांवर या कबुल्यांतली माहिती उलटवली गेली आणि काहींना देशाबाहेर काढायच्या कारवाया झाल्या.

सुमारे १३,९०० जणांनी कबुली दिली, २२,००० हून जास्त नावं त्यांतून उघड झाली आणि ११,००० च्या वर जागा बंद झाल्या. उघड झालेल्यांची संख्या कबुली देणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, घराघरातली भांडणं तिथून आली. थोरल्याला कबुली द्यायची आहे कारण त्याला खऱ्या आईला आणायचं आहे. धाकट्याला नको आहे कारण त्याची नोकरी सरकारी आहे. कबुलीनंतर काहींनी खरं आडनाव घेतलं. काहींची मुलं शाळेत होती, दुकानाच्या पाटीवर जुनं नाव होतं, म्हणून कागदीच ठेवलं. त्यामुळे सख्खे भाऊ दोन आडनावांचे असं आजही आढळतं. ज्यांनी कबुली दिली नाही ते गप्प राहिले आणि मुलांनाही गप्प राहायला शिकवलं. पहिल्या प्रश्नातलं "तसंच आहे ते" याच शिकवणीतून आलेलं असू शकतं.

प्रश्न: माझ्या जावयाला त्याच्या आजोबांचं खरं नाव आणि गाव शोधायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

थडग्यापासून. दगडाचा समोरून, तिरप्या उन्हात फोटो घ्यायचा, चिनी अक्षरांचा प्रत्येक उभा स्तंभ वेगळा. मधल्या स्तंभात नाव असतं, बाजूच्या स्तंभांत बहुधा मूळ जिल्हा, गाव आणि तारखा. अक्षरं खडूने घासू नयेत, दगड खराब होतो. हा फोटो जुनी अक्षरं वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्यावा. आजच्या चीनमधली सोपी लिपीच येणारा अडखळतो.

मग घरातले कागद: १९०९ पासून दिलं जाणारं ओळखपत्र, परतीचा दाखला, बोटीचं नाव, गावच्या पत्रांचे लिफाफे. लिफाफ्यावरचा पत्ता चिनीत असेल तर अर्धं काम झालं.

तिसरी पायरी सरकारी फाइल. बंदीच्या काळातल्या चौकशीच्या फायली अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये रेकॉर्ड ग्रुप ८५ मध्ये आहेत, आणि माणूस ज्या बंदरातून आला त्या भागाच्या शाखेत. सॅन फ्रान्सिस्को आणि होनोलुलूच्या फायली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनोला. अर्ज करताना कागदी नाव द्यायचं, खरं नव्हे. त्याच्या सगळ्या स्पेलिंगांची यादी, जन्माचं अंदाजे वर्ष, येण्याचं वर्ष आणि बोट जोडायची. १९४४ नंतरचे कागद "ए-फाइल"मध्ये, म्हणजे प्रत्येक परदेशी माणसाच्या एकत्र फायलीत, असतात. ती यूएससीआयएसच्या, म्हणजे आजच्या इमिग्रेशन खात्याच्या, वंशावळ विभागाकडून फॉर्म जी-१०४१ ने शोधून जी-१०४१ए ने मागवता येते. जन्माला शंभर वर्षं होऊन गेलेल्यांच्या बऱ्याच फायली आर्काइव्हजकडे गेल्या आहेत. कबुली दिली असेल तर खरी वंशावळ याच फायलीत सापडते.

एकट्या आजोबांची फाइल मागवून थांबू नये. आवरणावर संबंधित फायलींचे क्रमांक टाकलेले असतात. कागदी बाप, कागदी भाऊ सगळ्यांच्या मागवाव्यात. जबान्या, फोटो, कधी हाताने काढलेला गावाचा नकाशा, कधी जप्त केलेली पढवणीची चिठ्ठी, सगळं तिथे असतं. एक सावधगिरी: नकाशा कागदी बापाच्या गावचा असतो, आजोबांच्या नव्हे. तो घेऊन चीनला गेलेली माणसं परक्या गावात परक्या लोकांचे पूर्वज पुजून आली आहेत.

तारखा वाचताना घोटाळा होतो. फायलीत "के. एस. ३३-५-१२" असं दिसेल. के. एस. म्हणजे क्वाँग सुई सम्राटाचं वर्ष. त्यात १८७४ मिळवा, १९०७ येतं. पाचवा महिना आणि बारावा दिवस चिनी पंचांगाचे आहेत, म्हणून तारीख जूनमध्ये पडते, मेमध्ये नाही. "एस. टी." असेल तर ते पुढच्या सम्राटाचं वर्ष, पहिलं वर्ष १९०९. "सी. आर." म्हणजे प्रजासत्ताकाचं वर्ष, त्यात १९११ मिळवायचे. वयही चिनी हिशोबाने असू शकतं. जन्मताच एक धरतात आणि नव्या वर्षाला एक वाढवतात, म्हणून एक-दोन वर्षं जास्त दिसतात.

नावांत तीन खड्डे आहेत. बाईच्या नावातलं "शी" हे नाव नसून "माहेरची" अशा अर्थाचं आहे. वाँग शी म्हणजे वाँगांची लेक. पुरुषाच्या नावातलं "आ" हे आपण लाडाने "रे" म्हणतो तसं संबोधन आहे, कारकुनाने त्याचं आडनाव करून टाकलं. आणि चिनीत आडनाव आधी येतं हे माहीत नसल्याने आजोबांचं पाळण्यातलं नावच नातवंडांचं आडनाव झालेलं असतं. एकच आडनाव बोलीप्रमाणे चान, चिन, चुन असंही लिहिलं जातं. जिल्ह्याचं नाव सनिंग दिसलं तर तो आजचा ताइशान, नाव १९१४ मध्ये बदललं.

जिल्हा आणि गाव मिळालं की कुळाच्या मंडळाकडे जावं. गावातली वंशावळीची पोथी जपली गेली असेल तर तिच्यात परदेशी गेलेल्याचं लग्नातलं नाव असतं. घरात बोलतात ते लहानपणचं नाव घेऊन शोधलं तर सापडत नाही.

प्रश्न: जावयाची आजी हयात आहे, वय नव्वदीच्या पुढे. विषय काढला की उठून आत जाते. हे उकरून काढल्याने आज कुणाचं नागरिकत्व धोक्यात येईल का?

जी मुलं-नातवंडं अमेरिकेच्या भूमीवर जन्मली त्यांचं नागरिकत्व त्यांच्या जन्मावर उभं आहे, आजोबांच्या कागदावर नाही. ज्यांचा जन्म चीन किंवा हाँगकाँगमधला आहे आणि नागरिकत्व बापाच्या नात्याने आलेलं आहे, त्यांनी मात्र आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं आणि मगच फाइल मागवावी. आजी स्वतः दुसऱ्या गटातली असू शकते, तेव्हा तिची भीती खुळी समजू नये.

तिला "खरं नाव काय?" असं थेट विचारू नये. हाच प्रश्न तिने अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेला असतो, आणि वही-पेन किंवा मोबाइलचा रेकॉर्डर पुढे आला की तीच खोली उभी राहते. स्वयंपाक करताना विचारावं: लहानपणी घरी आजोबांना काय हाक मारायचे, सणाला गावाकडे पैसे कुणाच्या नावाने जायचे, चिंगमिंगला थडगी साफ करायला गेल्यावर कुणाच्या दगडापुढे आधी उदबत्ती लावतात. ज्या दगडापुढे आधी लावतात त्यावरचं चिनी आडनाव जावयाने टिपून ठेवावं.